तुमचे प्रश्न : अ‍ॅनीला कुणी विचारलंच नाही

गेल्या अंकात मी 'इमिटेशन ऑफ लाइफ'बद्दल अर्धं पान लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलंय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. १९५९चा हॉलिवूडचा सिनेमा, दिग्दर्शक डग्लस सर्क. १९४७ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड बीचवर लोरा नावाच्या विधवा बाईची छोटी मुलगी सूझी हरवते आणि अ‍ॅनी जॉन्सनला सापडते. लोरा गोरी, नटी व्हायचं स्वप्न उराशी धरून आलेली, हातात पैसा नाही. अ‍ॅनी काळी, तिला तर राहायला जागाच नाही, आणि तिची मुलगी सारा जेन इतकी उजळ की बघणाऱ्याला गोरीच वाटावी. लोरा त्या दोघींना एका रात्रीपुरतं घरी नेते आणि अ‍ॅनी तिथेच राहते, घर सांभाळते, दोन्ही मुली वाढवते. लोरा मोठी स्टार होते. सारा जेन मोठी होते तशी आपण काळ्या आईची मुलगी आहोत हे लपवायला लागते आणि एक दिवस आईला सोडून निघून जाते. खाली शेवटपर्यंतचं सगळं येणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी पान बाजूला ठेवा आणि बघून झाल्यावर वाचा.

प्रश्न : ताई, मी आणि आईने हा सिनेमा एकत्र बघितला, शेवटी दोघी ढसाढसा रडलो आणि अर्ध्या तासात आमचं भांडण झालं. आई म्हणाली असली कृतघ्न मुलगी वैऱ्यालाही होऊ नये, त्या माउलीने जीव ओवाळून टाकला आणि हिने मैत्रिणीसमोर तिला मोलकरीण करून टाकलं. मला सारा जेनचा राग येत नव्हता, पण का येत नव्हता ते सांगता येईना. आता आई म्हणते तू तिची बाजू घेतेस म्हणजे तुला पण माझी लाज वाटते का. मी काय बोलू?

उत्तर : आधी आईला सांग की लाज वाटत असती तर तू तिच्या शेजारी बसून रडली नसतीस. आणि मग दोघी मिळून तो हॉटेलच्या खोलीतला सीन परत बघा, कारण आईच्या लक्षातून एक गोष्ट निसटलीये. सारा जेन मैत्रिणीला काहीच सांगत नाही. ती हॉलिवूडमधल्या मूलाँ रूज क्लबमध्ये लिंडा हे खोटं नाव घेऊन नाचत असते, अ‍ॅनी आजारी असून विमानाने तिथवर येते, फक्त एकदा डोळे भरून बघायला, एकदा जवळ घ्यायला. तेवढ्यात एक मैत्रीण खोलीत शिरते, तिला अ‍ॅनी हॉटेलची नवी कामवाली वाटते, आणि अ‍ॅनी स्वतःच पटकन म्हणते की मी लहानपणी मिस लिंडाला सांभाळायचे. मुलीचं खोटं उघडं पडू नये म्हणून आई स्वतःचं आईपण खोडून टाकते. ती गेल्यावर मैत्रीण चेष्टेत म्हणते, काय गं, तुला सांभाळायला काळी दाई होती होय? आणि सारा जेन रडत रडत म्हणते, हो, आयुष्यभर. मी हा सिनेमा किती वेळा बघितलाय माहीत नाही पण या दोन शब्दांशी माझा दरवेळी बांध फुटतो, कारण त्या क्षणी ती पहिल्यांदा खरं बोलते आणि ते ऐकायला आई खोलीत नसते.

आता तिचा राग का येत नाही ते सांगते, तुला आईला सांगायला उपयोगी पडेल. अमेरिकेत तेव्हा 'एका थेंबाचा नियम' चालायचा, म्हणजे तुमच्या पूर्वजांत एक जरी माणूस काळा असेल तरी तुम्ही काळे, मग तुमचा चेहरा, केस, डोळे कसेही असोत. व्हर्जिनिया राज्याने तर १९२४ साली हे कायद्यातच लिहून टाकलं. त्याच्याही आधी लुइझियानात होमर प्लेसी नावाचा एक माणूस होता, आठातले सात हिस्से गोरा, दिसायलाही गोरा, तो १८९२ साली गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली आणि १८९६ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेगळे डबे ठेवण्यात काही चूक नाही. तो निकाल मोडायला १९५४ साल उजाडलं, तेही शाळांपुरतं. अशा देशात जे लोक दिसायला गोरे होते त्यातल्या काहींनी आपली माणसं, आपला गाव, कधी कधी आईबापसुद्धा मागे टाकून गोऱ्यांत मिसळून जाण्याचा रस्ता धरला, त्याला पासिंग म्हणायचे. या रस्त्याची एकच अट असायची, मागे वळून बघायचं नाही, कारण घरचं एक माणूस जरी भेटायला आलं तरी सगळं कोसळायचं.

म्हणून शाळेचा सीन बघ. बाहेर बर्फ पडतंय म्हणून अ‍ॅनी लेकीचे रबरी बूट घेऊन वर्गाच्या दारात येते. कुठली आई येणार नाही? शिक्षिका म्हणते काहीतरी चूक झालीये, माझ्या वर्गात काळी मुलगीच नाही. आणि सारा जेन पुस्तकामागे तोंड लपवते. ही न्यूयॉर्कची शाळा आहे, काळी म्हणून तिला कुणी वर्गाबाहेर काढणार नाहीये, पण अख्ख्या वर्गाची नजर एका क्षणात बदलते आणि तिला ती नजर आठव्या नवव्या वर्षी कळलीये. आईचं प्रेमच तिला पकडून देतं. अ‍ॅनीला हे कळत नाही असं नाही हं, तिच्याच तोंडी ते वाक्य आहे की आपल्या लेकराला कसं सांगायचं की बाळा तू दुःख भोगायलाच जन्माला आलीयेस.

आणि मग तो फ्रँकी. सारा जेन अठराची झालीये, गोऱ्या मुलावर जीव जडलाय, तो एका रात्री गल्लीत तिला विचारतो की तुझी आई काळी आहे हे खरं का, आणि ती नाही म्हणते तरी तिला मारतो, खाली पडेपर्यंत मारतो, मागे जॅझचं कर्कश संगीत वाजत राहतं. बघवत नाही तो सीन. आईला विचार, यानंतर घरी येऊन अ‍ॅनीने तिला काय सांगावं? आपण जे आहोत त्याची लाज वाटणं पाप आहे असं अ‍ॅनी सांगते आणि तिचं बरोबरच आहे. पण सारा जेनने रस्त्यावर जे भोगलंय त्याचं उत्तर या वाक्यात नाहीये. मला वाटतं सारा जेनला लाज अशी वाटतच नसते, तिला भीती वाटते, आणि ती भीती अगदी खरी आहे. मुलीने आईवर अन्याय केला हे तुझी आई म्हणते ते मी खोडत नाही, फक्त तो अन्याय तिच्या हातून करवून घेणारं कुणीतरी घराबाहेर बसलं होतं हेही बघा.

प्रश्न : सारा जेनच्या वडिलांचं काय? ते कुठे असतात?

उत्तर : अ‍ॅनी एकदाच आणि अगदी सहज सांगते, तो जवळजवळ गोराच होता आणि ही जन्मायच्या आधीच सोडून गेला. पुढे विषयच नाही. पण ते कळलं की अ‍ॅनीची भीती वेगळीच दिसायला लागते. तो कुठे गेला हे सिनेमा सांगत नाही तरी मला कायम वाटतं की तोही गोऱ्यांत मिसळून गेला असणार, आणि मग लेकही त्याच रस्त्याने चाललीये हे त्या बाईला पहिल्या दिवसापासून दिसत असणार. हे माझं वाटणं, पडद्यावर तसं काही नाही.

प्रश्न : नमस्कार. मी नोकरी करते, मुलगी लहान आहे, आणि खरं सांगू का, हा सिनेमा बघताना मला सारखं कुणीतरी जाब विचारतंय असं वाटत होतं. करिअर करणारी आई म्हणजे स्वार्थी, तिची मुलगी एकटी, आणि घरात राहणारी आई म्हणजे देवी. १९५९ साली पुरुषांनी बायकांना घरी बसवायला काढलेला सिनेमा आहे हा, असं मला वाटलं. तुम्हाला तो एवढा का आवडतो?

उत्तर : तुमचा राग मला समजतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही लोराच्या प्रेमात असलेल्या स्टीव्हचा असाच राग आला होता. लोराला कित्येक महिने धक्के खाल्ल्यावर पहिला मोठा चान्स येतो, नेमका त्याच वेळी हा लग्नाचं विचारतो आणि फोन आल्यावर जाऊ नकोस म्हणतो, वर सांगतो की मी विनंती करत नाहीये, मी सांगतोय. लोरा जाते. मला त्यात तिची काहीही चूक दिसत नाही. त्याआधी तो एजंट लूमिस तिला काम देण्याच्या बदल्यात काय काय मागतो आणि ती कशी उठून निघून येते तेही विसरू नका, ही बाई स्वाभिमान विकून वर गेलेली नाहीये. पुढे स्टार झाल्यावर सूझीला घोडा मिळतो, भारी शाळा मिळते, आई मिळत नाही, आणि ती पोरगी शेवटी स्टीव्हच्याच प्रेमात पडते. लोराला हे कळतं तेव्हा ती म्हणते मी तुझ्यासाठी त्याला सोडते, आणि सोळा वर्षांची सूझी म्हणते, आई, अ‍ॅक्टिंग बंद कर. हा सीन नोकरी करणाऱ्या आईला बोचणारच, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

पण मला एक सांगा, लोरा रात्री उशिरा नाटकाहून येते तेव्हा सूझीला जेवायला कुणी घातलेलं असतं? फोन कोण उचलतं, कपडे कोण धुतं, देणेकऱ्यांना गोड बोलून कोण परतवतं? सुरुवातीला तर अ‍ॅनी पगारही मागत नाही, स्वयंपाकघरामागची एक खोली आणि मुलीला छप्पर एवढ्यावर राहते. लोराचं करिअर अ‍ॅनीच्या कामावर उभं राहतं. अ‍ॅनीच्या लेकीला आई चोवीस तास जवळ असूनही अर्धी दुसऱ्याच्या घराला वाहिलेली मिळते, यावर मात्र सिनेमातलं एकही पात्र बोलत नाही. महत्त्वाकांक्षा लोरालाही आहे आणि सारा जेनलाही आहे. दोघींना स्टेजवर उभं राहायचंय, लोकांनी बघायला हवंय. पण एकीला स्टेजवर जायला फक्त टॅलेंट आणि चिकाटी लागते, दुसरीला आई गाडून टाकावी लागते. लोराला शिक्षा करण्यासाठी काढलेला सिनेमा असता तर तो सूझीच्या दुःखावर संपला असता, आणि तो तसा संपत नाही. सूझीचं दुःख खरं आहे पण ते शिकायला कॉलेजात निघून गेल्यावर बरं होण्यासारखं आहे.

आणखी एक, लाना टर्नर जेव्हा लोराचा हा रोल करत होती त्याच्या काही महिने आधी, ४ एप्रिल १९५८ला, तिच्या घरात काय झालं होतं ते तेव्हाच्या प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं. आईला धमकावणाऱ्या जॉनी स्टॉम्पॅनाटो या तिच्या मित्राला तिच्या १४ वर्षांच्या मुलीने, शेरिलने, चाकू मारला आणि तो मेला. ज्यूरीने मुलीचं कृत्य समर्थनीय ठरवलं, पण पेपरवाल्यांनी आईची लक्तरं वेशीला टांगली, कसली आई ही म्हणून. आणि ही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहून मुलीला वेळ न देणाऱ्या नटीचाच रोल करते. पगार कमी घेऊन नफ्यात वाटा मागितला होता तिने, सिनेमा प्रचंड चालला आणि तिला त्यातून चांगला पैसा मिळाला. मला तिच्या हिमतीचं कौतुक वाटतं, मनापासून. तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा लोराकडे गुन्हेगार म्हणून बघू नका आणि अ‍ॅनीकडे देवी म्हणून बघू नका, अ‍ॅनीकडे थकलेली बाई म्हणून बघा, सिनेमा वेगळाच दिसेल.

प्रश्न : याच गोष्टीवर आधी एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा होता म्हणे. आधी कोणता बघू? आणि सारा जेनचं काम केलेली नटी खरंच काळी होती का?

उत्तर : दोन्ही बघा, पण १९५९चा आधी. पहिला १९३४चा, दिग्दर्शक जॉन स्टाल, आणि दोन्हीची मूळ कादंबरी फॅनी हर्स्ट यांची, १९३३ची. १९३४च्या सिनेमात गोरी विधवा नटी नसते, ती धंदा करते, आणि धंदा कशाचा तर तिच्याकडे कामाला असलेल्या डेलायलाच्या घराण्यातल्या पॅनकेकच्या रेसिपीचा. डेलायलाचा हसरा चेहरा दुकानाच्या पाटीवर, खोक्यांवर सगळीकडे. कंपनी मोठी झाल्यावर तिला किती वाटा देऊ करतात माहितीये? २० टक्के. आणि डेलायला तेही नको म्हणते, मला तुमच्यापासून लांब पाठवू नका म्हणते. लुईस बीव्हर्सने ते काम इतक्या जीव तोडून केलंय की आपण तिच्यावर चिडूही शकत नाही. त्यातलीच एक फ्रेम माझ्या डोक्यात कायमची बसलीये, रात्री झोपायला जाताना एकाच जिन्यावरून मालकीण वर जाते आणि डेलायला खाली जाते. संवादाची गरजच नाही.

नटीचं विचारलंत ते फार महत्त्वाचं. १९३४ला डेलायलाच्या मुलीचं काम केलं फ्रेडी वॉशिंग्टनने, आणि ती खरोखर कृष्णवर्णीय होती, गोरीपान, हिरवे डोळे. तिला गोरी म्हणून कामं मिळाली असती पण तिने आयुष्यभर तो रस्ता नाकारला, मी काळी आहे हे ठासून सांगितलं, १९३७ साली कृष्णवर्णीय नटांची जी संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत ती होती. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट बघा, पडद्यावर जिने गोरं होण्यासाठी आईला सोडलं ती खऱ्या आयुष्यात बरोबर उलटं वागली आणि म्हणूनच हॉलिवूडमध्ये तिला रोल उरले नाहीत, मोलकरणीच्या कामाला ती फार उजळ आणि हिरॉईन व्हायला काळी. सेन्सॉरचं काम बघणाऱ्या ऑफिसला तर तिच्या असण्याचीच अडचण वाटत होती, कारण अशी मुलगी दाखवायची म्हणजे कधीतरी मागे काळ्या आणि गोऱ्या माणसांचा संबंध आला होता हे कबूल करणं आलं.

१९५९ला सारा जेन झाली सुझन कोनर. ती कृष्णवर्णीय नव्हती, आई लुपिता तोवार ही मेक्सिकन नटी आणि वडील पॉल कोनर युरोपातून आलेले ज्यू एजंट. तिचं काम मला अतिशय आवडतं, ती पाहुण्यांसमोर ट्रे डोक्यावर ठेवून गुलामांच्या बोलीची नक्कल करत येते तो सीन बघा, अंगावर काटा येतो, लोरा विचारते असं का केलंस तर म्हणते तुम्हाला आणि आईला मी काळी असायला हवीये ना, मग मी दाखवलं की मला ते जमतं. पण २५ वर्षांत एवढं पुढे जायच्या ऐवजी हॉलिवूड या एका बाबतीत मागे गेलं हे मला खटकतं आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोनर आणि अ‍ॅनीचं काम करणारी हुआनिता मूर, दोघींना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, एकाच सिनेमातून आई आणि लेक. जिंकलं तिसरीनेच. नॉमिनेशननंतर आपल्याला कामं उलट कमी मिळाली असं मूर नंतर सांगायच्या. ९९ वर्षं जगल्या, २०१४च्या १ जानेवारीला गेल्या. त्या वयापर्यंत लोक त्यांना भेटून याच सिनेमाबद्दल बोलत असणार आणि तरी अ‍ॅनीसारखा दुसरा रोल त्यांना कुणी दिला नाही.

प्रश्न : एवढे दागिने, एवढे झगमगीत कपडे, भडक रंग, रडारड. हा दिग्दर्शक सीरियस आहे की टीव्ही मालिका बनवतोय? माझे मित्र म्हणतात हे क्लासिक वगैरे उगाच.

उत्तर : मित्रांना पहिली दोन मिनिटं नीट बघायला सांगा. पडद्यावर काळोख, आणि वरून हिऱ्यांसारखे मणी पडत राहतात, एकेक करत, हळूहळू सगळी चौकट भरून जाते. सिनेमाच्या नावाचा अर्थ जगण्याची नक्कल असा आहे आणि हे मणी काचेचे आहेत. नंतर घर जसजसं मोठं होत जातं तसे आरसे, जिने, कठडे वाढत जातात, माणसं सारखी कशाच्या तरी पलीकडे दिसतात. लोराच्या अंगावर एकापेक्षा एक गाउन, आणि त्याच फ्रेममध्ये कडेला अ‍ॅनी राखाडी नाहीतर काळ्या साध्या कपड्यात. हा भडकपणा सर्कने कळून सवरून केलाय. १९५९ साली अमेरिकेतल्या गोऱ्या प्रेक्षकाला वर्णद्वेषावर भाषण द्यायला गेलं असतं तर तो आलाच नसता, तो आला लाना टर्नरचे कपडे बघायला आणि रडला अ‍ॅनीसाठी.

सर्क मूळचा जर्मन, हॅम्बुर्गचा. बायको ज्यू होती म्हणून १९३७ साली देश सोडला. पण त्याआधीच्या लग्नापासून त्याला एक मुलगा होता, पहिली बायको नाझींकडे गेलेली, तिने मुलाला भेटू दिलं नाही. तो मुलगा त्या काळच्या जर्मन सिनेमांत बालनट झाला आणि बापाला तो फक्त पडद्यावर दिसायचा. पुढे सैन्यात गेला आणि १९४४ साली पूर्वेकडच्या आघाडीवर मारला गेला. हे वाचल्यापासून मी अ‍ॅनीचा तो सीन, नाइटक्लबच्या अंधारात उभी राहून लांबून लेकीला नाचताना बघते तो, नुसता सीन म्हणून बघूच शकत नाही. सर्कने तो मुद्दाम त्यावरून घेतला असं मी म्हणत नाही, पण लांबून आपलं लेकरू बघणं म्हणजे काय हे त्या माणसाला ठाऊक होतं. हा त्याचा हॉलिवूडमधला शेवटचा सिनेमा, यानंतर तो युरोपात परत गेला.

प्रश्न : १९५९ सालीसुद्धा गोऱ्या मुलाशी लग्न करता येत नव्हतं का? फ्रँकी एवढा का चवताळतो तेच कळलं नाही.

उत्तर : न्यूयॉर्कमध्ये कायद्याने येत होतं. पण कितीतरी राज्यांत तो गुन्हा होता. याच वर्षी, म्हणजे १९५९च्या जानेवारीत, व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला, तो गोरा आणि ती काळी, लग्न केलं म्हणून एक वर्षाची शिक्षा झाली, आणि जेल टाळायची तर २५ वर्षं राज्यात एकत्र पाऊल ठेवायचं नाही अशी अट. काही महिन्यांत हा सिनेमा थेटरात लागला. सुप्रीम कोर्टाने ते सगळे कायदे रद्द केले १९६७ला, तोपर्यंत १६ राज्यांत ते जिवंत होते. फ्रँकीचं चवताळणं कायद्याच्या भीतीचं नाही म्हणा, चार मित्र हसतील याचं आहे, आणि मला ते जास्त भयंकर वाटतं.

प्रश्न : ताई, आयुष्यभर घरकाम केलेल्या बाईची अंत्ययात्रा एवढी शाही? चार पांढरे घोडे, बँड, एवढी गर्दी? माझा मुलगा म्हणाला हे जरा अतीच झालं. आणि शेवटी सारा जेनचं पुढे काय होतं?

उत्तर : मुलाला म्हणावं, तुला ते अती वाटलं कारण लोराप्रमाणेच तुलाही अ‍ॅनीचं बाहेरचं आयुष्य माहीत नव्हतं. मध्ये एक छोटासा संवाद आहे, सहज निसटून जातो. अ‍ॅनी आपल्या शेवटच्या इच्छेबद्दल बोलत असते, चर्चचे लोक, तिच्या संघटनांतल्या बायका, कितीतरी ओळखीचे, त्या सगळ्यांना माझ्या मयतीला बोलवायचंय म्हणते. लोरा चकित होऊन म्हणते, तुझे एवढे मित्र आहेत हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. आणि अ‍ॅनी म्हणते, मिस लोरा, तुम्ही कधी विचारलंच नाही.

त्यात तक्रार नाही, टोमणा नाही, अगदी साध्या आवाजात म्हणते हुआनिता मूर. एका घरात दहा-अकरा वर्षं राहिलेल्या दोन बायका, एकीने दुसरीच्या पोरीचे ताप काढले, प्रेमप्रकरणं निस्तरली, आणि दुसरीला हेही माहीत नाही की ही रविवारी कुठे जाते, कुणाशी बोलते. लोरा वाईट नाहीये हो, ती अ‍ॅनीवर खरंच जीव लावते, ती मरते तेव्हा लोरा जे रडते ते खोटं नाही. तिने विचारलं नाही एवढंच, कारण विचारावं लागेल असं तिला कधी वाटलंच नाही. मला विचाराल तर हा सगळा सिनेमा त्या एका वाक्यासाठी काढलाय. बाकीचे सगळे प्रश्न, मुलगी कृतघ्न का, आई स्वार्थी का, ते याच्यानंतर.

म्हणून मग शेवटी ते लोक पडद्यावर येतात, जे आपण तोपर्यंत बघितलेच नव्हते. चर्च खच्चून भरलेलं. महेलिया जॅक्सन उभी राहून गाते, त्या काळातली सगळ्यात मोठी गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, गायिका, आणि ती गाते तेव्हा कॅमेरा फार काही करतच नाही, करायची गरजही नाही. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, बॅण्ड, चार पांढरे घोडे. हे सगळं अ‍ॅनीने स्वतःच्या पैशाने ठरवून ठेवलेलं आहे, दर महिन्याला साठवून. जिवंतपणी तिला कुणी पुढच्या दाराने आणलं नाही, मेल्यावर अख्खा रस्ता तिच्यासाठी थांबलेला असतो. आणि मरताना तिला आठवण कुणाची होते, तर त्या दूधवाल्याची, सुरुवातीच्या गरिबीत ज्याची उधारी थकलेली असायची, त्याला पैसे पाठवा म्हणून सांगते. याला मी शाही म्हणत नाही, ही हिशोबाची पक्की बाई होती, तिने सगळी देणी फेडली आणि स्वतःचं येणंही वसूल करून घेतलं.

सारा जेनचं पुढे काय ते सिनेमा सांगत नाही. १९३४च्या सिनेमातली मुलगी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात परत जाते, तिथे एक उत्तर मिळतं. इथे मिळत नाही. ती गर्दीतून धावत येते, शवपेटीवर पडून रडते, मीच आईला मारलं म्हणते, पोलिस आधी तिला अडवतात कारण त्यांना कळतच नाही की ही गोरी दिसणारी पोरगी या मयतीची कोण, आणि तिला सगळ्यांसमोर ओरडून सांगावं लागतं की ती माझी आई आहे. पहिल्यांदाच, रस्त्यावर, शेकडो माणसांपुढे. मग लोरा तिला गाडीत घेते, सूझी शेजारी, स्टीव्ह समोर बसून बघतोय, लोरा एका हाताने तिला जवळ धरते, आणि गाडी त्या घोड्यांच्या मागून चालू लागते.